झोपेच्या गोळीआधी टीएसएच

थायरॉईड बिघडला की झोप दोन तऱ्हांनी बिघडते. गळ्यातली ही ग्रंथी टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके तयार करते. शरीरातली ऊर्जा किती वेगाने वापरली जावी, हे त्यांच्यावर ठरते. ही संप्रेरके वाढली की छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री घाम फुटतो, झोप लवकर लागत नाही आणि लागली तरी मोडते. पोटभर जेवूनही वजन उतरते. या सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिले जाते.

संप्रेरके कमी पडली की उलटे घडते. थंडी सोसवत नाही, वजन वाढते, अंग जड होते. झोप भरपूर मिळते, पण सकाळी ताजेतवाने वाटत नाही. एक तर गाढ झोपेचा वाटा घटतो. शिवाय जीभ आणि घशाच्या ऊतींत पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात, श्वासमार्ग अरुंद होतो, श्वासाचे स्नायू अशक्त होतात. माणूस घोरतो, मध्येच श्वास अडतो आणि मेंदू त्याला पुन्हा पुन्हा अर्धवट जागे करतो. हाच स्लीप ॲप्निया. मोठा गलगंड श्वासनलिका दाबून त्यात भर घालतो.

थायरॉईडची कमतरता आणि स्लीप ॲप्निया हे दोन्ही आजार सर्रास आढळतात. मुंबईसह देशातल्या 8 शहरांत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी मध्यमवयीन पुरुषांपैकी 7.5 टक्क्यांना लक्षणांसह स्लीप ॲप्निया होता. त्यामुळे एकाच माणसात दोन्ही असणे नवलाचे नाही आणि दर वेळी एकामुळेच दुसरा होतो असेही नाही. थायरॉईडची कमतरता बायकांमध्ये जास्त, तर घोरणे पुरुषांचे मानले जाते. म्हणून बाईच्या घोरण्याची चौकशी सहसा होत नाही.

झोपेचाही परिणाम थायरॉईडच्या तपासणीवर होतो. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे, थायरॉईडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक संध्याकाळनंतर चढते, रात्री सर्वाधिक असते आणि दुपारी उतरते. झोप लागली की त्याच्या चढण्याला लगाम बसतो. रात्र जागून काढली तर ते आणखी वाढते. कोल्हापूर जिल्ह्यात ही बाब महत्त्वाची आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीच्या फाउंड्री, गळीत हंगामातले साखर कारखाने रात्रपाळीवर चालतात. पाळी सुटताच दिलेल्या रक्तात टीएसएच किंचित जास्त आले, तर ते थायरॉईडच्या कमतरतेचे लक्षण मानून आयुष्यभराची गोळी सुरू करणे घाईचे ठरते. झोपेची घडी बसल्यावर, टी-४ सह, तपासणी पुन्हा करावी.

कमतरता नक्की झाली तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून 4 तास दूर ठेवावी. मात्रेचा परिणाम 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासून कळतो. मात्रा जास्त झाली तर तीच गोळी झोप उडवते. टीएसएच जागेवर येऊनही घोरणे आणि दिवसाची पेंग कायम राहिली, तर निद्रा तपासणी करावी लागते आणि गरजेप्रमाणे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र लावावे लागते.

सर्वांत धोकादायक वाट म्हणजे तपासणीविना झोपेची गोळी. ॲप्निया असलेल्या माणसाचा श्वास तिने आणखी मंदावू शकतो; थायरॉईडची कमतरता तीव्र असेल तर ही गोळी बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. म्हणून झोपेची तक्रार जुनी असेल आणि सोबत वजन, थंडी-उकाडा किंवा धडधडीचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी आधी टीएसएच करून घ्यावे. तसेच थायरॉईडच्या प्रत्येक रुग्णाला, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही, घोरण्याबद्दल विचारावे.