ओझरचे विमान, भोसरीचा जॉब

२०२५च्या एप्रिलमध्ये भारताने नौदलासाठी फ्रान्सकडून २६ राफेल विमाने घेण्याचा करार केला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला हवाई दलासाठी ९७ तेजस मार्क-१ए विमानांची ऑर्डर हिंदुस्थान एरोनॉटिक्सला (एचएएल) मिळाली. रक्कम ६२ हजार ३७० कोटी. जवळपास तेवढ्याच पैशांत एकीकडे २६ आणि दुसरीकडे ९७. ही तुलना सरळसोट करता येत नाही, हे मान्य. राफेल दोन इंजिनांचे, विमानवाहू नौकेच्या आखूड पट्टीवर आदळत उतरणारे विमान; त्या रकमेत शस्त्रे, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि देखभालही धरलेली आहे. तेजस हलके आणि एका इंजिनाचे. पण या दोन व्यवहारांतला मोठा फरक किमतीच्या रकान्यात दिसत नाही. उद्या राफेलवर आपले एखादे नवे क्षेपणास्त्र बसवायचे झाले तर फ्रान्सला विचारावे लागेल. तेजसवर बसवायचे झाले तर बंगळूरूला फोन करावा लागेल.

वाकडच्या वाचकाने हे दिल्लीचे विषय म्हणून पान उलटू नये. आपल्याकडे एकाच इमारतीत, एकाच जिन्यात, हिंजवडीत संगणकावर परदेशी विमानांच्या भागांवरचा ताण मोजणारा अभियंता राहतो आणि चाकणला पहिल्या पाळीची बस पकडणारा सुपरवायझरही राहतो. दोघांनाही ड्रॉइंग वाचता येते. कोणत्याही ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते: आखणारा कोण, तपासणारा कोण, मंजूर करणारा कोण. लढाऊ विमानाची खरी किंमत त्या चौकटीत कोणाची सही आहे यावर ठरते, असे आमचे मत आहे. आणि ती सही आपली कशी करायची, हे पिंपरी-चिंचवडने ट्रकच्या बाबतीत एकदा करून दाखवले आहे.

आधी ओझरकडे पाहू. नाशिकजवळच्या द्राक्षबागांमधला हा विमान कारखाना शेजाऱ्यांच्या वैरातून जन्मला. १९६१मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर दिली. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे ते विमान सरहद्दीपलीकडे उभे राहिल्यावर भारताला तोडीस तोड काहीतरी हवे होते. सोव्हिएत संघाने मिग-२१ देऊ केले, शिवाय ते इथे बांधण्याचा परवानाही. १९६२च्या ऑगस्टमध्ये करार झाला. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. १९६४मध्ये ओझरचा कारखाना स्थापन झाला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी झाली.

त्या कारखान्यात तीन पिढ्या राबल्या. त्यांच्या हातून शेकडो मिग-२१ बाहेर पडली, मग मिग-२७, मग २२२ सुखोई-३० एमकेआय. आपल्या लोहगावचा तळ या सुखोईंचे पहिले घर. १९९७मध्ये पहिली सुखोई तिथेच हवाई दलात दाखल झाली आणि २००२मध्ये एमकेआयही. ओझरच्या कामगाराच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण चौकटीतली सही रशियन होती, आणि तिची किंमत आपण पैशांपेक्षा मोठ्या नाण्यात मोजली.

मिग-२१ आखले गेले ते शत्रूचे बाँबफेकी विमान उंचावर गाठण्यासाठी. झपाट्याने वर चढायचे, मारायचे, परतायचे. पंख लहान आणि पातळ, उतरण्याचा वेग प्रचंड, आत इंधन थोडे. आपण त्याच विमानाकडून टेहळणीपासून जमिनीवरच्या हल्ल्यापर्यंत सगळी कामे करून घेतली, आणि नवख्या वैमानिकाला साध्या प्रशिक्षण विमानातून थेट त्यात बसवले. मधल्या टप्प्याचे हॉक हे प्रशिक्षण विमान घ्यायला २००४ साल उजाडले. त्याची मागणी दोन दशके पडून होती. २०१२मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की घेतलेल्या मिगपैकी निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली, आणि त्यांत दीडशेहून अधिक वैमानिक दगावले. २००१च्या सप्टेंबरात राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात एक मराठी तरुण गेला. मुंबईतल्या त्याच्या आईने पुढे वर्षानुवर्षे उड्डाणसुरक्षेसाठी लढा दिला. हे विमान आपल्या आकाशासाठी, आपल्या गरजेसाठी, आपल्या वैमानिकाच्या शिकण्याच्या पायऱ्या डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असते तर यातली किती मुले घरी आली असती, हा प्रश्न प्रत्येक खरेदी समितीच्या टेबलावर असला पाहिजे. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. त्या संध्याकाळी २९ उरल्या.

याच मिग-२१चे ड्रॉइंग सोव्हिएत संघाने चीनलाही दिले होते. पण दोघांचे फाटले, कागद अर्धवट राहिले, आणि चिनी अभियंत्यांना हातातले विमान खोलून, मोजून, चुकत-माकत स्वतःचे जे-७ करावे लागले. ते १९६६मध्ये उडाले. पुढे त्याचीच आवृत्ती पाकिस्तानला मिळाली. म्हणजे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच रशियन कुळातली विमाने उभी होती. आपल्याला पूर्ण कागद मिळाले म्हणून आपण बांधत राहिलो. त्यांना अपुरे मिळाले म्हणून ते आखायला शिकले. आज जे-१० आणि जे-२० घेऊन ते कुठे पोहोचले आहेत, हे सांगायला नको.

आता पिंपरी. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी ट्रकसाठी पंधरा वर्षांचा करार केला होता. तो १९६९मध्ये संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. त्या दिवसाची तयारी टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी आधीच केली होती. १९६६च्या सुमारास पिंपरीच्या माळरानावर त्यांनी सुरुवात ट्रकपासून केलीच नाही. आधी मशीन टूल्स, टूलरूम, संशोधन केंद्र आणि शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण, आणि जोडीला हजारो झाडे. गाडी नंतर. १९८०च्या दशकात हलक्या ट्रकसाठी टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी, माझदा अशा चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन उतरल्या. टेल्कोने परवाना न घेता १९८६मध्ये पिंपरीत आखलेली ४०७ आणली. चारही जपानी गाड्यांच्या तुलनेत आज रस्त्यावर कोणती दिसते ते भूमकर चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. भोसरी, चिंचवड, तळवडे इथल्या शेड याच काळात या कामावर वाढल्या. नमुना घेऊन ये, ड्रॉइंग कर, फिक्श्चर बनव, रिजेक्शन खा, पुन्हा कर, हे शिक्षण कोणत्याही परवान्यासोबत मिळत नाही.

विमान म्हणजे ट्रक नव्हे, हे आम्हालाही कळते. त्यातही इंजिन. एचएएलचे पहिले स्वदेशी लढाऊ विमान मरुत १९६१मध्ये उडाले. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरूला आखलेला त्याचा सांगाडा देखणा आणि वेगासाठीच घडलेला होता. पण ठरलेले इंजिन आलेच नाही, कमी ताकदीवर भागवावे लागले, आणि १४७ विमानांवर तो प्रवास थांबला. तेजससाठी कावेरी इंजिनाचे काम हाती घेतले. २००८मध्ये ते तेजसपासून वेगळे काढावे लागले. मध्ये १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि तेजसच्या उड्डाणनियंत्रण प्रणालीवर तिथे काम करणारे आपले शास्त्रज्ञ माघारी धाडले. त्यांनी ते काम इथे पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ला तेजस उडाले. सॉफ्टवेअर आपण लिहिले, धातू मात्र आपल्याला वश झाला नाही. इंजिनाच्या ऐन तापलेल्या भागातले पाते वितळबिंदूपेक्षाही गरम वायूत फिरत असते आणि ते धातूच्या एकाच स्फटिकाच्या रूपात ओतावे लागते. २०२१मध्ये मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले यायला २०२५चा मार्च उजाडला, तोवर तयार सांगाडे हँगरमध्ये इंजिनाची वाट पाहत उभे होते. मुंबई आयआयटीत धातुशास्त्र शिकलेले मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, परिपूर्ण तेजसची वाट न पाहता सुधारित मार्क-१ए स्वीकारण्याचा मार्ग निघाला आणि २०१६मध्ये ८३ विमानांना प्राथमिक मंजुरी मिळाली. तो निर्णय योग्य होता. विमान वापरात आले, तरच सुधारते.

१७ ऑक्टोबर २०२५ला ओझरमध्ये तेजसची तिसरी उत्पादनसाखळी सुरू झाली आणि नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमाने. पिंपरी-चिंचवडसाठी खरी अडचण या आठच्या आकड्यात आहे.

भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये जाऊन बघा. पाच अक्षांचे मशीन, थंड पाण्याचा फवारा, आत टायटॅनियमचा ठोकळा. मोठा भाग तासून चकचकीत कुरळ्या चुऱ्यात जातो. विकत घेतलेल्या धातूतला थोडाच शेवटी विमानात उडतो. टायटॅनियम उष्णता सोडत नाही, म्हणून टूलची धार काही मिनिटांत बसते. सेटर जॉब काढतो, पुसतो, हातात फिरवून खिडकीच्या उजेडात धरतो, मग मोजायला पाठवतो. दोन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की जॉब भंगारात. प्रत्येक तुकड्यासोबत कागद जातो: धातू कोणत्या ओतीचा, उष्णताप्रक्रिया कोणत्या भट्टीत, मोजले कोणी. मोटारीच्या कामात तोच कारखानदार दिवसाला हजारो तुकडे काढतो. ओझरला वर्षाला आठ विमाने होणार असतील, तर एका विमानाला दोन लागणाऱ्या भागाचे वर्षाला सोळा तुकडे. सोळा तुकड्यांसाठी कोट्यवधींचे मशीन कोण घेणार, आणि बँक कर्ज कशावर देणार?

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. ८३ आणि ९७ मिळून १८० तेजस मंजूर आहेत. या सगळ्या १८० विमानांच्या एकेका भागाची खरेदी-ऑर्डर एकदमच, आगाऊ रकमेसह, छोट्या शेडला मिळाली पाहिजे. दरवर्षी नवी निविदा काढून नव्हे. एकदा ३६० तुकड्यांचा हिशेब हाती आला की मशीनचा हप्ता बसतो. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा २००६पासून आहे. संरक्षण कामात तो पाळला गेला पाहिजे. केंद्राने २०१८मध्ये संरक्षण उद्योगांचे दोन पट्टे जाहीर केले, उत्तर प्रदेशात आणि तमिळनाडूत. महाराष्ट्रात ओझर आहे, लोहगाव आहे, पाषाणला शस्त्रास्त्र आणि उच्च ऊर्जा पदार्थांच्या प्रयोगशाळा आहेत. तेजसची काच आणीबाणीत स्फोटाने कापून वैमानिकाला सुटकेची वाट करून देणारी यंत्रणा याच पुण्यात तयार झाली. मग उष्णताप्रक्रिया आणि क्ष-किरण तपासणीसाठी छोट्या कारखानदाराला परवडेल असे विमानदर्जाचे सामाईक केंद्र चाकणला उभे करायला कोणाची हरकत असावी? जागा एमआयडीसीची, खर्च राज्य आणि केंद्राचा.

आणि आखणीचे काम. पाचव्या पिढीच्या एएमसीए विमानाच्या आराखड्यासाठी व नमुन्यांसाठी मार्च २०२४मध्ये १५ हजार कोटी मंजूर झाले. या विमानाचे काही भाग ‘हे ड्रॉइंग, हे बनवून द्या’ असे न देता ‘हे वजन, हा भार, एवढी जागा, तुम्ही आखा’ अशा अटीवर पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांना द्यावेत. पहिले दोन प्रयत्न फसतील आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. ओझरच्या अभियंत्यांना असे मोकळे काम मिळाले तेव्हा त्यांनी ते केले आहे: सुखोईच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्रह्मोस बसवण्यासाठी सांगाडा त्यांनी बदलला आणि २५ जून २०१६ला नाशिकहून ते विमान क्षेपणास्त्रासह उडवून दाखवले. चाकणहून नाशिक रस्त्याने ओझर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्या रस्त्याने आज मोटारींचे भाग जातात. एएमसीएच्या ड्रॉइंगवर ‘आखणारा’ या चौकटीत भोसरीच्या मुलीची किंवा मुलाची सही यायची असेल, तर ती ऑर्डर येत्या अर्थसंकल्पाच्या आधी निघायला हवी.