तीन वर्षांचें खत व शाळेंतलें गणित

गणित हें निर्विकार शास्त्र आहे. त्याचा समाजाशीं संबंध काय, असें विचारणारे विद्वान् आमच्यांत थोडे नाहींत. त्यांस उत्तर द्यावयास शिक्रापूर ज्या तालुक्यांत मोडतें तो शिरूर तालुका पुरेसा आहे. त्यांतील करडे गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत सावकारांवर बहिष्कार पडला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला व तो आसपासच्या गांवीं पसरला. जमावाचा मुख्य रोख खतें व हुकूमनामे यांवर होता. ते कागद मुकाट्यानें हातीं आले कीं बहुधा पुढें कांहीं घडत नसे.

त्या कागदांत होतें तें गणितच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु कुळाच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत होऊं लागलें. शेंकडा २४ चा दर धरा. शंभराचे तीन वर्षांत १७२, सहांत २९५, नऊ वर्षांत ५०८ रुपये होतात. सरळ व्याजानें ३१६ च झाले असते. गुणाकार बिनचूक होता. परंतु उदाहरण मांडण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता.

हा इतिहास झाला असें कोणी म्हणेल. आज शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यांतील तरुण लाखाचें कर्ज ‘फ्लॅट १२ टक्के’ दरानें घेतो आणि ९,३३३ रुपयांचे बारा हप्ते भरतो. मुद्दल दरमहा घटत असतें, व्याज मात्र पुऱ्या लाखावर धरलेलें असतें. म्हणून खरा दर २१ टक्क्यांच्याही वर जातो. हा तरुण शाळेंत चक्रवाढ व्याज शिकलेला असतो! पण तेथें त्यानें सूत्रांत आंकडे घातले आणि गुण मिळविले. दर कोणीं ठरविला, कशावर आकारला, हा प्रश्न त्याला कोणीं विचारूं दिला नाहीं.

अशा प्रश्नांनीं गणित राजकारणांत ओढलें जाईल, ही भीति व्यर्थ आहे. तें तेथें आधींच आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें खतामागचा हिशेब मुळापासून उकलण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. तोच अधिकार आम्ही सातवीच्या मुलासाठीं मागतों. वर्गांत खऱ्या कर्जाचा कागद आणा, हप्ते मांडा, आणि मुलाला विचारूं द्या.