पाव मिलिमीटरची थाप

बारावीपासून माझ्या गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत. व्हिडिओ कॉल लागला की माझ्याआधी मला तेच दिसतात. म्हणून गेल्या वर्षी घरी वापरायचं मायक्रोनीडलिंग पेन मागवलं. मागच्या चकतीवर आकडे होते, ०.२५पासून २.५ मिलिमीटरपर्यंत. मी ०.५ लावलं. गुबगुबीत भागावर काहीच झालं नाही. गालाच्या हाडावर मात्र रक्ताचे थेंब आले आणि नंतर चार महिने तिथे तपकिरी पट्टा राहिला.

आई म्हणाली, "हात जड पडला असेल रे." व्हिडिओ करणारेही तेच म्हणतात, तुमचं टेक्निक चुकलं. माझं डोकं फिरतं ते इथे.

चकतीवरचा आकडा हे मोजमाप नाहीच. सुई टोपीच्या कडेबाहेर किती यावी, एवढंच ती ठरवते. कातडीत किती गेली, हे मोजणारं आत काहीही नाही. व्हेरिएबल सेट केलं म्हणजे काम झालं, असं मी कोडमध्ये धरलं तर रिव्ह्यूमध्ये माझी सालटी निघतील. कातडी सुईखाली आधी दबते, मग भोक पडतं. हाडावर ती ताणलेली असते, दबायला जागाच नसते. ३६ सुयांच्या टोपीत दाब वाटला जातो, १२ सुयांच्या टोपीत तोच हात जास्त आत जातो. पेन तिरकं झालं तर ओरबाडे निघतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्नियर हातात आला की आधी जबडे मिटून शून्याची चूक बघायला लावायचे. (तेव्हा कंटाळा यायचा.) पट्टा पडल्यावर मी चकती शून्यावर ठेवून मोबाइलने झूम केलं. सुया बाहेरच होत्या!

चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर असतो. तिथे पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर सुई थेट खालच्या मजल्यावर. आणि आपली सावळी कातडी जखमेचा डाग लवकर सोडत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने २०१८मध्ये अशी उपकरणं दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय उपकरणं ठरवली. सुई किती खोल जाते याची अचूकता तिथे चाचणीने दाखवावी लागते. आपल्याकडे भाजीवाल्याच्या काट्यालाही वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. माझ्या पेनच्या खोक्यावर अधिक-उणे किती, हे कुठेच नव्हतं.

मी कंपनीला मेल करून तेवढंच विचारलं. उत्तरात पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट आली.