आधी मूठ, मग पाते

वार्षिक प्रदर्शनात छंद वर्गाच्या टेबलाभोवती गर्दी असते. कॅडेटांनी घडवलेल्या सुऱ्या पाहायला पालक थांबतात, पात्यात चेहरा दिसतो का ते बघतात आणि पुढे सरकतात. सुरी हातात धरून कुणी पाहत नाही, परीक्षकसुद्धा नाही. माझे स्पष्ट मत आहे की निम्मे गुण मुठीला द्यावेत. बटाटा कापायचे काम पात्याचे. बोट शाबूत राहायचे की नाही, हे बहुतेक वेळा मूठ ठरवते.

आपल्या बहुतेक कॅडेटांना पहिल्याच सुरीला खुकरीची मूठ हवी असते. गोरखा रेजिमेंटचे आकर्षण, त्यात नवल नाही. पण ती मूठ तशी का, हेही पाहावे. खुकरी घाव घालण्यासाठी आहे. हात जोरात फिरला की हत्यार पंज्यातून बाहेर निसटू पाहते, म्हणून मुठीचे मागचे टोक पसरट असते आणि करंगळी तिथे अडते. स्वयंपाकाच्या सुरीत धोका नेमका उलटा. आपण सुरी पुढे रेटतो आणि ओला हात पात्याकडे घसरतो. तिथे अडथळा पुढच्या बाजूला हवा: तर्जनी टेकेल असा उंचवटा, किंवा मुठीपेक्षा खाली उतरलेली पात्याची टाच. खुकरीच्या मुठीवरचे मधले कडेही तास-दोन तास भाजी चिरणाऱ्याच्या बोटांना काचते. (आपल्या घरची विळी आठवा. तिला मूठच नाही. पाते पाटाला पक्के, पाट पायाखाली, आणि फिरते ती भाजी. काम बदलले की पकड बदलते, ती अशी.)

मुठीचा छेद अंडाकृती असावा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणत्या बाजूला आहे ते न पाहता कळत नाही. लांबी तळहाताच्या रुंदीहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवावी; आखूड मुठीचे टोक तळव्यात रुतते. बोटांसाठी चार खाचा कोरण्याची हौस मात्र सोडा. त्या एकाच हाताला बसतात. सहावीतला कॅडेट आणि मेसमधला आचारी यांची बोटे सारखी नसतात, आणि हिवाळ्यात हातमोजे घातले की त्या खाचा कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत.

चकचकीत वार्निश प्रदर्शनात शोभते, ओल्या हातात घसरते. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरेत. लाकूड मात्र पुरते वाळलेले घ्या. ओले शिसव नंतर आक्रसते, मग आतल्या पोलादाची कड वर येऊन तळहात सोलते. लाकूड आणि पोलाद यांत फट राहिली तर पाणी आत मुरते, बाहेरून काही दिसत नाही आणि आत गंज चढतो. म्हणून खिळ्यांवर भागवू नका. सांधा एपॉक्सीने भरा आणि खिळ्यांची डोकी कानशीने लाकडाच्या पातळीत आणा.

एका बाबतीत मी हट्टी आहे. मूठ पूर्ण होईपर्यंत पात्याला धार लावायची नाही. मूठ घासताना हात पात्याजवळच असतो. पाते बोथट हवे, वर जाड चिकटपट्टीही हवी. शिसवाचा भुसा नाका-डोळ्यांना आणि कातडीलाही झोंबतो, तेव्हा मास्क लावल्याशिवाय सँडपेपर हातात घ्यायचा नाही. पहिली मूठ हलक्या लाकडाची, नमुन्यापुरती करावी. ती ओल्या हाताने धरून पाव तास चिरण्याची हालचाल करा आणि तळहात पाहा. जिथे लाल वण दिसेल, तिथे कानस फिरवायची.

पालक म्हणतील, मुलांच्या हौसेला एवढे नियम कशाला? हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली चालते आणि चालायला हवे, हे खरेच. पण शिक्षकांची नजर वर्गापुरती. सुरी घरी जाते, आई ती वापरते.

येत्या प्रदर्शनासाठी माझी सूचना एवढीच आहे. टेबलावर पाण्याचे भांडे, लाकडी पाट आणि पाच किलो बटाटे ठेवा. परीक्षक म्हणून आपल्या मेसच्या आचाऱ्यांना बोलवा. प्रत्येक सुरी त्यांनी ओल्या हाताने चालवावी, आणि पात्याकडे पाहण्याआधी मुठीचे गुण लिहावेत.