आपले रक्त, परके रक्त

अपुऱ्या दिवसांचे मूल काचेच्या पेटीत ठेवले गेले आणि डॉक्टरांनी रक्त चढविण्याची गोष्ट काढली, की आपल्या घरांतून एक दृश्य हटकून दिसते. बाप, काका, मामा बाह्या सरसावून पुढे होतात. ‘बाहेरचे कशाला? आमचेच घ्या!’ या उमाळ्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु मायेचा न्याय निराळा आणि शरीराचा न्याय निराळा, हे सांगणे प्राप्त आहे.

परक्याला ओळखून त्याच्यावर तुटून पडावे, हा रक्तातील पांढऱ्या पेशींचा धर्म. अनोळखी दात्याच्या अशा पेशी शरीरात शिरल्या, तर शरीर बहुधा त्यांचा निकाल लावते. जवळच्या आप्ताच्या पेशी मात्र कधी कधी इतक्या सारख्या असतात, की बाळाचे शरीर त्यांना घरच्याच समजून थारा देते. त्या मात्र बाळाला परके मानतात आणि त्याची त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा यांवर हल्ला चढवितात. हा विकार विरळा, पण जडला तर रोगी क्वचितच वाचतो. म्हणून आप्ताचे रक्त द्यायचेच झाले, तर त्यावर आधी गामा वा क्ष-किरणांचा मारा करावा लागतो. ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. बापाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. त्याच्या रक्तगुणांविरुद्धची प्रतिद्रव्ये आईच्या शरीरात असू शकतात, आणि ती गर्भातच बाळाकडे उतरतात. सरसावलेल्या बाह्यांनी रक्तपेढीत जरूर जावे. ते रक्त दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

दुसरा समज असा, की रक्त म्हणजे टॉनिक. जितके अधिक तितके बरे. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे लहानसा चहाचा कपभर. तपासण्यांसाठी घेतलेला थेंबन् थेंब त्यातूनच जातो, म्हणून रक्त चढविण्याची पाळी येते, आणि रक्तस्राव वा तीव्र पांडुरोग असता ते जीवदानच ठरते. पण अतिरेकाने इवल्या हृदयावर व फुफ्फुसांवर भार पडतो. अमेरिकेत हजार ग्रॅमपर्यंत वजनाच्या १८२४ बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सढळ हाताने रक्त दिलेली आणि बेताने दिलेली मुले दोन वर्षांच्या सुमारास तपासली, तो जगण्यात वा बौद्धिक वाढीत फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या युरोपीय चाचणीनेही हेच दाखविले. तेव्हा ‘आणखी एकदा चढवा ना’ असा आग्रह नातलगांनी डॉक्टरांपाशी धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि आपलेच रक्त हवे असेल, तर ते वारेत व नाळेत असते. तेथले रक्त बाळाचे स्वतःचे. नाळ लगेच न कापता मिनिटभर थांबले, तर त्यातील बरेचसे बाळाकडे येते आणि पुढे बाहेरच्या रक्ताची गरज कमी पडते. प्रसूतीपूर्वीच डॉक्टरीणबाईंशी हे बोलून ठेवावे. बाळ श्वास घेत नसेल, तर थांबायचे की नाही हे मात्र त्याच ठरवितील.