‘कष्टाळू’ म्हणू नका

आप्पा गेले त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, प्रेमळ व्यक्तिमत्त्व.’ मजकूर मी दिला नव्हता. फ्लेक्सवाल्याकडे तो तयारच असतो, फोटो आणि नाव तेवढं बदलतं. शेजारी महिन्याभरापूर्वीचा एक होता, उन्हानं पांढरा पडलेला. तेही कष्टाळू, मनमिळाऊ, प्रेमळ.

माझं भांडण यातल्या पहिल्या शब्दाशी आहे.

दहाव्याला भाषणं झाली. एक जण म्हणाले, “आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत.” लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरं असं होतं की छातीत कळ येतेय हे आप्पांनी आईला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा डाळिंबाचा माल उतरायचा होता, व्यापारी यायचा होता. माल गेला की जाऊ, म्हणाले. जे त्यांच्या जिवावर उठलं, त्याचंच आम्ही नदीकाठी बसून कौतुक करत होतो.

कष्ट म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की आप्पा दोनला उठून मोटार चालू करायला जायचे. विहीर आटली की टँकर विकत घेऊन बाग जगवायचे. फवारणी तोंडाला उपरणं बांधून. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी ऑनलाइन झेंडा दाखवला, तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी फिरवला. पुढच्या दोन वर्षांत खोडकिडीनं तालुक्यातल्या बागा वाळत गेल्या. आमचीही गेली. आप्पांनी जेसीबी बोलावून झाडं उपटली आणि कर्ज काढून पुन्हा लावली. उपटलेल्या झाडांचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

रात्री दोनला माणसाला का उठावं लागतं, हा प्रश्न आहे. ‘कष्टाळू’ म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही. तो त्यांचा स्वभाव ठरतो. कुणाला गोड आवडतं, कुणाला तिखट, आप्पांना कष्ट.

हे फक्त साध्या माणसांच्या बाबतीत होतं असंही नाही. गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ ला गेले. शेतकरी कामगार पक्षाचे, सांगोल्यातून ११ वेळा आमदार. त्या आठवड्यात आपल्या स्टेटसला काय होतं? एसटीनं फिरणारा आमदार, साधा माणूस. साधे होते, वाद नाही. पण १९७२ ला आणि १९९५ ला याच सांगोल्यानं त्यांना घरी बसवलं होतं, आणि साधे तर ते तेव्हाही होते. म्हणजे लोक त्यांच्याकडे आणखी काही मागत होते. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांमधून दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचं पाणी मागणारे गणपतराव रीलमध्ये बसत नाहीत. एसटीची खिडकी बसते. आणि ‘साधे’ म्हणून हात जोडले की पाण्याचं पुढं काय झालं, हे आजच्या कुणाला विचारावं लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. त्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावरच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पुण्या-मुंबईत नोकरी करत असाल तर पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील. तो व्यवसाय कर १९७५ ला या योजनेच्या खर्चासाठीच सुरू झाला. शहरानं पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या माणसानं हक्कानं काम मागायचं, असा तो व्यवहार होता. खडी फोडणाऱ्या बाईला कुणी कष्टाळू म्हणून हार घातला नाही, मजुरी ठरवली. मला ते जास्त आदराचं वाटतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं मला चुलते म्हणाले. मी वाईट कुठं बोलतोय? आप्पांनी दोन बहिणींची लग्नं केली, मला इंजिनियर केलं, कुणाचा एक रुपया बुडवला नाही. हे चांगलंच आहे, आणि खरंही. फक्त त्याची किंमत किती पडली तेही सांगावं, एवढंच. आणि हो, त्यातली अर्धी किंमत आईनं भरलीय. फ्लेक्सवर तिचं नाव खाली, ‘शोकाकुल’च्या यादीत होतं, माझ्याही नंतर. ती अजून पहाटे चारला उठते. तिला आम्ही काय म्हणतो? “आईला बसवतच नाही.”

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. या वेळी मजकूर मी लिहून पाठवलाय: किती एकर, किती टँकर, किती कर्ज, छातीत तीनदा आलेली कळ. काल फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

“दादा, एवढं बसत नाही. फोटो बारका करावा लागंल.”

“करा,” म्हणालो.