शेवटची वीस मीटर तार आपली हवी

आंबिवलीच्या वन बीएचकेमधून हॅम रेडिओ सुरू करायचाय? मग सोसायटीच्या सेक्रेटरींचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘गच्चीवर ही तार कसली?’ 40 मीटर बँडसाठी साधा डायपोल अँटेना बांधायचा म्हटलं तरी साधारण 20 मीटर तार लागते. परवानगी मिळालीच, तर इमारतीतले एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि लिफ्ट मिळून एवढी खरखर करतात की दूरचा आवाज त्यात बुडून जातो.

यावर उपाय आहे रिमोट स्टेशनचा. रेडिओ आणि अँटेना वस्तीपासून लांब, शांत जागी ठेवायचे, त्यांना कम्प्युटर जोडायचा आणि नेटवरून घरबसल्या चालवायचं. तुमचा आवाज नेटवरून तिथल्या रेडिओपर्यंत जातो. पुढचा प्रवास मात्र हवेतूनच होतो.

‘मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल काय वाईट?’ असं काही जुने हॅम म्हणतात. मला हे पटत नाही. कॉलवर माणूस ठरलेला असतो. इथे आयनोस्फिअर साथ देईल तसा कुणीतरी अनोळखी भेटतो. कोणत्या वेळी कोणता बँड चालतो, हे शिकावंच लागतं. जबाबदारी तर वाढतेच. बोलताना नेट तुटलं आणि तिकडचा ट्रान्समीटर चालूच राहिला तर? म्हणून तो आपोआप बंद होण्याची सोय करावी लागते. ही खरी इंजिनीअरिंग आहे.

पण इथेच थांबू नका. 26 जुलै 2005 बद्दल घरी विचारा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसराला वेढलं, लोकल थांबल्या, फोन लागेनात. अशा दिवशी तुमचं लांबचं स्टेशन धडधाकट असेल, पण तिथवर पोहोचवणारं नेटच नसेल. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. त्यांनी तिथून निरोप पोहोचवले, कारण रेडिओ आणि अँटेना त्यांच्या हाताशी होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : रिमोटने सुरुवात करा, पण त्यावरच विसंबून राहू नका. आज रात्री नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा आणि नुसतं ऐका. त्याला ना पैसे लागतात, ना परवाना. बोलायचं असेल तर परवाना हवाच, रिमोट असलं तरी. वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. रिमोट चालवण्याआधी परवान्याच्या अटी तेवढ्या नीट वाचा.

मग चार मित्र जमवा, कॉलेजकडे क्लब स्टेशनची मागणी करा. एखाद्या रविवारी 12 व्होल्टची बॅटरी, छोटा रेडिओ आणि तार घेऊन गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जा. वायफाय बंद ठेवून पलीकडच्या कुणाला आपला कॉलसाइन ऐकू जातो का बघा. गेला, तर पुढच्या पुरात आंबिवलीला एक आवाज असेल.